तौलनिक

ज्या गृहस्थांचे चित्र मी येथे रेखाटू इच्छितो, त्यांना पिझ्झा हा पदार्थ फारसा आवडत नाही, एवढे आरंभीच नमूद करून ठेवणे इष्ट होय. कारण घरात ठेवता येईल, विजेवर चालेल आणि खिशालाही परवडेल अशा पिझ्झा-ओव्हनविषयी त्यांनी जो प्रदीर्घ व्यासंग चालविला आहे, त्याचे मूळ जिव्हालौल्यात असावे असा समज वाचकांचा सहज होऊ शकेल. खमंग थालीपीठ आणि त्यावर लोण्याचा गोळा ही त्यांच्या भोजनविषयक महत्त्वाकांक्षेची परिसीमा आहे. परंतु नातवाच्या वाढदिवशी दुकानातून जे चार चौकोनी खोके घरी आले, त्यांच्याबरोबरची पावती दुर्दैवाने त्यांच्याच हाती पडली, मैदा, टोमॅटो आणि चीज यांचे बाजारभाव त्यांना मुखोद्गत होते, वजाबाकी क्षणार्धात झाली, आणि "हे घरी का होऊ नये?" हा प्रश्न त्यांनी अशा स्वरात विचारला की घरातील जाणत्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले व निमूटपणे पाने वाढावयास घेतली.

अशा गृहस्थांना मी मनाशी तौलनिक म्हणतो. पुण्यात त्यांची वस्ती दाट आहे. परंतु ठाणे, डोंबिवली, नाशिक ही गावेही त्यांच्यापासून मुक्त नाहीत, आणि त्यांची एक शाखा न्यू जर्सीतही सुखाने नांदते असे तिकडून येणारे सांगतात. तौलनिक हा बहुधा साठी उलटलेला, हिशेबतपासणीच्या अथवा तत्सम एखाद्या कचेरीतून निष्कलंक सेवेनंतर निवृत्त झालेला, प्रकृतीने काटक आणि चष्म्याच्या दोन्ही काचांतून वेगवेगळे पाहू शकणारा इसम असतो. तो कृपण मात्र नव्हे. तसा आरोप करणाऱ्यांनी त्याला मुलीच्या लग्नात किंवा धाकट्या भावाच्या आजारपणात पाहिलेले नसते. पैसा जाण्याचे त्याला दुःख नाही. तो आपण न तपासलेल्या रकान्यातून जाऊ नये, आणि खरेदीनंतर आठ दिवसांनी कोणी पाहुण्याने "अहो, हीच वस्तू पलीकडे पाचशे रुपयांनी स्वस्त होती, शिवाय तिला आत दिवा होता" असे उद्गार काढू नयेत, इतकीच त्याची माफक अपेक्षा असते.

आमच्या इमारतीतील तौलनिकांनी ओव्हनच्या प्रकरणाची रीतसर नस्ती उघडली. किंमत, वॅट, कमाल तापमान, आतील व्यास, दगडाची जाडी, हमीची मुदत, हे रकाने कोणीही आखले असते. परंतु त्यांपुढे वायरची लांबी आली, झाकण पूर्ण उघडल्यास ते भिंतीवरच्या कपाटाला लागते काय, हे आले, मिक्सरचे पुनर्वसन कोठे करावयाचे, हे आले, दुरुस्ती करणारा माणूस पुणे मुक्कामी आहे की केवळ दूरध्वनीवर, हे आले, आणि अखेरच्या रकान्याचे शीर्षक होते, "बाई साबण लावतील काय?" हा शेवटचा रकाना वाचून मी हसलो, तेव्हा त्यांनी मला बसवून घेतले आणि समजावून सांगितले की पिझ्झ्याचा दगड सच्छिद्र असतो, त्याला साबण लावला की तो साबण पितो, आणि पुढच्या खेपेस ते सर्व पिझ्झ्यात उतरते, दगड थंड झाल्यावर खरवडून कोरड्या फडक्याने पुसावा, एवढीच त्याची सेवा. आता गेली पंधरा वर्षे प्रत्येक भांडे लखलखीत करून पालथे घालणाऱ्या बाईंना हे पटवून देण्याची जबाबदारी घरात कोणी पत्करीना, सबब तो रकाना रास्तच होता.

त्यांच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की शोधाला विषयच तसा मिळाला होता. पिझ्झा हा पदार्थ दिसावयास सोपा आणि उष्णतेच्या बाबतीत अत्यंत हट्टी. नेपल्स येथे १९८४ साली स्थापन झालेल्या 'आसोचात्सिओने व्हेराचे पिझ्झा नापोलेताना' या संस्थेचा दंडक असा की भट्टीचा तळ ३८० ते ४३० अंश आणि घुमट ४८५ अंशांच्या आसपास तापलेला असावा, व पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर यावा. आपल्याकडे केक-नानकटाईसाठी जो ओटीजी घरोघर असतो, त्याच्या बटणाची मजल सामान्यतः २५० अंशांवर संपते. त्यात तोच पिझ्झा दहा-बारा मिनिटे रेंगाळतो आणि तोवर कडा वाळून जातात. साधा मायक्रोवेव्ह तर पदार्थातील पाणी तापवून त्याला शिजवितो, त्याला खरपूसपणाशी कर्तव्यच नाही. परंतु २५० आणि ४५० यांत दुपटीचाही फरक नाही, मग एवढा बाऊ कशाला, असे एखाद्या भाबड्या माणसाने म्हटले की तौलनिक प्रसन्न होतात. तापलेल्या पृष्ठभागातून होणारे उष्णतेचे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, हा स्टेफान आणि बोल्ट्झमन यांचा नियम. त्या मापाने २५० म्हणजे ५२३ आणि ४५० म्हणजे ७२३. भागाकार करा, आलेली संख्या चारदा मांडून गुणा, आणि उत्तर साडेतीनपटींहून अधिक येते की नाही ते पाहा. हा गुणाकार त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पत्नीस ऐकविला, तेव्हा त्या तव्यावरची भाकरी काढून थेट ज्वाळेवर धरीत होत्या. भाकरी टम्म फुगली. "अहो, सरका जरा, वाफ लागेल," एवढेच त्या म्हणाल्या.

नियम समजला म्हणून बाजार समजला असे होत नाही. तो उलट अधिक गहन होतो. लाकडाच्या आणि गॅसच्या भट्ट्या पहिल्याच बैठकीत बाद झाल्या, कारण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडण्याचे भय असते व त्या उघड्यावरच पेटवाव्या लागतात. आणि आमच्या इमारतीतील सर्व गॅलऱ्या जाळ्या-खिडक्या लावून केव्हाच खोल्यांत जमा झालेल्या आहेत. विजेच्या यंत्रांत जे अगदी स्वस्त 'पिझ्झा मेकर', त्यांच्या तळाला बहुधा न चिकटणारा लेप असतो. टेफ्लॉनजातीचा हा लेप २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो. सबब जेथे लेप आहे तेथे उष्णता नाही आणि जेथे उष्णता हवी तेथे लेप चालावयाचा नाही, असा निवाडा देऊन तौलनिकांनी लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी उमेदवारांची अर्धी यादी गारद केली. दुसऱ्या टोकाला ऊनी कंपनीचा २०२३ साली निघालेला 'व्होल्ट' किंवा ब्रेव्हिलचा 'पिझ्झायोलो' यांसारख्या समोरून उघडणाऱ्या भारदस्त पेट्या होत्या. चारशे-साडेचारशे अंश लीलया गाठणाऱ्या, खालची-वरची उष्णता जुळवून घेणाऱ्या, आणि परदेशच्या बाजारातच सातशे ते हजार डॉलरांना पडणाऱ्या. न्यू जर्सीचा भाचा म्हणाला, "मामा, मी डिसेंबरात येतोय, येताना घेऊनच येतो." भाच्याच्या प्रेमाने मामा गहिवरले. परंतु तेथील वीज १२० व्होल्टांची आणि येथील २३० व्होल्टांची. एवढ्या वॅटांचे यंत्र चालविण्याजोगा ट्रान्सफॉर्मर ओट्यावर मांडला तर पोळ्या दिवाणखान्यात लाटाव्या लागतील, असे त्यांनी त्याला सविस्तर लिहून कळविले. त्या मजकुराची प्रत नस्तीत आहे.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी जात आहे, आणि माझे मत विचाराल तर दोन-तीन खोल्यांच्या घराला तीच पुरे: खाली गोल दगड, वरच्या झाकणात कॉइल, आणि मागे बिजागरी. इटलीत जी३ फेरारी या कंपनीची ही घडण फार प्रसिद्ध आहे. (या फेरारीचा मोटारींच्या फेरारीशी संबंध नाही, याची खातरजमा तौलनिकांनी करून घेतली, आणि तो नसल्याचे कळल्यावर त्यांना किंमतीच्या दृष्टीने हायसे वाटले.) सुमारे १२०० वॅट, बारा इंचांच्या आसपासचा व्यास, आणि चारशे अंशांच्या जवळपास ताप. दगड कॉर्डिएराइटचा असला म्हणजे तापून निवताना सहसा तडकत नाही. कुंभारकामाच्या भट्ट्यांतल्या फळ्याही याच द्रव्याच्या करतात. २३० व्होल्टांवर १२०० वॅट म्हणजे सव्वापाच अँपिअर, तेव्हा सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर ते कसेबसे भागते. तेच १६०० वॅट म्हटले की सात अँपिअर होतात आणि जाड पिनांचा पॉवर प्लग लागतो, जो आमच्या स्वयंपाकघरांत बांधकाम करणाऱ्याने एकच ठेवला असून त्यावर फ्रीजचा वंशपरंपरागत हक्क आहे. या एका मुद्द्यासाठी तौलनिक तपकीर गल्लीत जाऊन स्विचबोर्डांचे भाव काढून आले, आणि ओव्हनच्या नस्तीला स्विचबोर्डाची उपनस्ती जोडली गेली.

मध्यम जातीत दोष नाहीत असे नव्हे. दगड ठरल्या उष्णतेला पोहोचला की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो. त्याच घडीस पिझ्झा आत सरकविला तर तळ करपतो आणि वरचे चीज मात्र विचारात पडलेले राहते. म्हणून जाणकार माणसे कॉइल पुन्हा लाल होण्याची वाट पाहतात आणि मग हात घालतात. शिवाय पहिला पिझ्झा दगडाची उष्णता ओढून घेतो. दुसरा घालण्यापूर्वी दगडाला पुन्हा तापू द्यावे लागते, तिसऱ्यापूर्वी पुन्हा. घरात सहा माणसे असली तर पहिला माणूस हात धुऊन बडीशेप खात असतो, तेव्हा सहावा रिकाम्या ताटलीवर बोटे वाजवीत असतो. "पहिला मान कोणाचा?" असा शेरा या मुद्द्यासमोर लाल शाईने मारलेला मी पाहिला आहे. लहानपणी पंगतीत वाढपी पोहोचेपर्यंत जिलबी संपलेली ज्याने अनुभवली आहे, त्यालाच त्या शाईचा रंग कळेल.

यानंतर साक्षीपुराव्याचे काम सुरू झाले. वस्तू घेतलेल्या लोकांनी दिलेले अभिप्राय तौलनिक वाचीत नाहीत, ते त्यांची उलटतपासणी घेतात. पाच तारे देणाऱ्याची जबानी ते हितसंबंधी म्हणून फेटाळतात. एक तारा देणाऱ्याची, ती आकसाने दिलेली दिसते म्हणून. राहिले तीन तारेवाले, जे वस्तुतः निःपक्षपाती असावयास हवेत. परंतु त्यांनी बहुधा ओव्हनविषयी काहीच न लिहिता खोक्याचा कोपरा चेपलेला होता एवढेच लिहिलेले असते. इटलीच्या राणी मार्गेरितेच्या पिझ्झ्याचीही त्यांनी गय केली नाही. १८८९ साली राणीला तिरंगी पिझ्झा पेश झाला आणि तिच्या नावाने तो प्रसिद्ध पावला, ही कथा सुनेने कौतुकाने सांगितली, तेव्हा त्यांनी तत्काळ विचारले, "अस्सल कागद आहे का?" आणि गंमत अशी की त्या कथेचा आधार असलेल्या पत्राच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांनी खरोखरच शंका घेतलेली आहे. ज्या गावात राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेथील निवृत्त माणसाला हा प्रश्न शिकवावा लागत नाही.

दुकानात त्यांच्याबरोबर जाण्याचा योग मला आला आहे. जुन्या दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्यातून कापलेले बारा इंच व्यासाचे एक वर्तुळ ते पिशवीत बाळगतात, आणि खोक्यावर काहीही छापलेले असले तरी ते वर्तुळ आत सपाट बसते की कड वाकते यावर उमेदवाराचे भवितव्य ठरते. दुसरे शस्त्र म्हणजे अवरक्त किरणांनी दुरून ताप मोजणारे पिस्तूल. ते त्यांनी बाहेर काढताच विक्रेता मुलगा दोन पावले मागे सरला. "काका, हा डेमो पीस आहे, चालू होत नाही," तो म्हणाला. "चालू होत नाही ते दिसतंच आहे," तौलनिक शांतपणे म्हणाले, "बंद असताना किती तापमान दाखवतो तेवढं पाहतो." ते एकतीस अंश निघाले, नोंद झाली. मुलाने मग वजन, हमी, हप्ते इत्यादी पाठ केलेला मजकूर म्हटला, तो त्यांनी अथपासून इतिपर्यंत ऐकून घेतला, मधल्या दोन चुका दुरुस्त केल्या, आणि त्याला लस्सी पाजून ते घरी आले. तो मुलगा आता त्यांना अडलेल्या गोष्टी फोनवर विचारतो.

या वागण्यास लोक चिकित्सेचे व्यसन म्हणतात, परंतु मला त्यात एका पिढीची थकबाकी वसूल होताना दिसते. या माणसाने तरुणपणी स्कूटरसाठी नाव नोंदविले आणि आठ-दहा वर्षे वाट पाहिली. नंबर लागला तेव्हा रंग कोणता हवा हे त्याला कोणी विचारले नाही, निळी आली, निळी घेतली. टेलिफोन असाच आला, गॅसचे सिलिंडर असेच आले, दुधाचे कार्डदेखील वडिलांकडून वारशाने आले. पसंती हा शब्द त्याच्या आयुष्यात एकदाच, चहापोह्यांच्या कार्यक्रमात उच्चारला गेला, आणि तोही बहुधा समोरच्या पक्षाकडून. १९९१ नंतर बाजाराची दारे उघडली आणि दुकानदार हात चोळीत "आपल्याला काय दाखवू?" म्हणू लागला, तोवर याचे केस पिकू लागले होते. अशा माणसाने झटपट खरेदी करून टाकावी अशी अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे आहे. वस्तू घेतली की तो पुन्हा रांगेतील एक झाला. निर्णय तहकूब आहे तोपर्यंत बाजार उभा आहे आणि हा बसला आहे.

मध्यंतरी घरच्या आघाडीवर एक घटना घडली. नातवाने फारच धोशा लावल्यामुळे आजीने एका संध्याकाळी लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापविला, भिजवून आंबविलेल्या मैद्याच्या पोळीला एका अंगाने पाणी लावून ती तव्याला चिकटविली, आणि वरचे अंग फुगून फोड येताच सबंध तवाच ज्वाळेवर पालथा धरला. पोळीला सुरेख काळे डाग पडले. मग सॉस, कांदा, चीज, आणि वर झाकण. सगळा कारभार पाच-सहा मिनिटांचा. तौलनिकांनी तवा रिकामा होताच त्यावर पिस्तूल रोखून २९० अंशांची नोंद केली, दोन पिझ्झे खाल्ले, आणि तक्त्यात 'इतर' या सदराखाली एक नवी ओळ वाढविली. तीत किंमतीच्या रकान्यात शून्य, हमीच्या रकान्यात "आजीव", आणि "बाई साबण लावतील काय?" यासमोर "लावतात" असे लिहिलेले आहे. कागदावर हा उमेदवार सर्वांत पुढे होता. परंतु तो रद्दबातल ठरला, कारण तो तुलनेसाठी बाजारात उपलब्ध नाही.

त्यानंतर त्यांनी परतफेडीचा हिशेब मांडला. भट्टीची किंमत पंधरा हजार धरली, प्रत्येक घरगुती पिझ्झ्यामागे तीनशे रुपये वाचतात असे धरले. अर्धा तास दगड तापविण्याची वीज पाऊण युनिटाच्या आतच बसते, म्हणून ती उदारपणे सोडून दिली. मग प्रश्न उरला, घरात वर्षाकाठी पिझ्झे किती? "वाढदिवशी आणि मे महिन्यात, दोन-दोन धरा," पत्नीने आतून सांगितले. उत्तर साडेबारा वर्षे आले. तौलनिक बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. "दगड तेवढा टिकेल," ते अखेर मला म्हणाले, "प्रश्न दातांचा आहे." आणि दुसऱ्याच दिवशी दंतवैद्यांच्या दरांचा तौलनिक तक्ता सुरू झाल्याचे ऐकले, खरेखोटे देव जाणे.

या अवधीत त्यांची कीर्ती मात्र पसरली. पलीकडच्या जिन्यावर नवे बिऱ्हाड आले आहे, नुकतेच लग्न झालेले जोडपे, दोघेही संगणकाच्या नोकरीत; त्यांना ओव्हन घ्यावयाचा होता, आणि कोणीतरी त्यांना योग्य दारी पाठविले. तौलनिकांनी त्यांना प्रारणाचा नियम सांगितला, लेपाचा निवाडा सांगितला, कॉइल लाल असण्याचे मर्म सांगितले. नवरा मुलगा अंमळ पेंगू लागला होता, परंतु मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. स्विचबोर्डाची उपनस्ती आणण्यासाठी ते आतल्या खोलीत गेले, कपाट उघडून, दोऱ्या सोडून, योग्य कागद काढून बाहेर आले, तेवढ्या अवकाशात मुलीने भ्रमणध्वनीवर मध्यम जातीचा एक ओव्हन मागवूनही टाकला होता. "काका, तुम्ही सांगितलं म्हणून दगडाचाच घेतला," ती म्हणाली. तौलनिक त्या क्षणी जे खाली बसले ते पाणी मागूनच.

पुढल्या आठवड्यात त्यांना जेवावयास बोलावणे आले. पिशवीत पुठ्ठ्याचे वर्तुळ आणि पिस्तूल घेऊन ते वेळेपूर्वी पाच मिनिटे हजर झाले, आणि शेजारधर्म म्हणून मलाही बरोबर नेले. पिझ्झा खरोखर उत्तम झाला होता: कडा फुगलेल्या, तळ कुरकुरीत, वर एकदोन ठिकाणी बरोबर तितकेच करपलेले. त्यांनी दगडाच्या मध्याचे आणि कडेचे तापमान घेतले, दोहोंत तिसेक अंशांची तफावत आढळली, ती टिपून घेतली, आणि मग जेवावयास बसले. पहिला तुकडा त्यांनी परीक्षकाच्या मुद्रेने खाल्ला, दुसरा काही न बोलता, आणि तिसरा यजमानीणबाईंनी विचारण्यापूर्वी स्वतःच उचलला. "पीठ छान जमलंय हो, पोरी," ते तोंडातला घास सावरीत म्हणाले, "बरं, परत करायची मुदत किती दिवसांची आहे? खोकं टाकून नाही ना दिलंत?"